बिनतेलाची खोली

पंचफुलेचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या मायनं तिला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. नवऱ्याच्या डोक्याला नेमानं तेल चोळत जाय, माणूस ताब्यात राहतो. पोरगी बार्शीटाकळीहून अकोल्याला नांदायला आली ती एवढी अक्कल गाठीला बांधून. आणि नशीब पाहा, नवरा मिळाला देवमन तायडे. अख्ख्या अकोल्यात डोक्याला तेल न लावणारा एकच माणूस असेल तर तो हा. आणि नोकरी कुठं? तेलाच्याच कारखान्यात!

कारखाना होता वनस्पती तुपाचा. शेंगदाण्याचं आणि सरकीचं तेल टाक्या भरभरून यायचं, त्यात एक वायू सोडायचा, की ते पातळ तेल तुपासारखं दाटून यायचं. तिथं तेलाशिवाय दुसरं काही दिसायचंच नाही. फरशीवर तेल, भिंतींना तेल, डब्यांना तेल. मजूर घरी आला की नुसत्या सदऱ्याच्या वासावरून बायको सांगायची, आज शेंगदाणा चालला की सरकी. पण आवाराच्या पार टोकाला, निंबाच्या झाडापलीकडं एक लहान खोली होती. तिथं पाण्यात वीज सोडून पाणी फोडत. त्यातला एक वायू तुपाकडं जायचा. दुसरा म्हणजे ऑक्सिजन. तो कॉम्प्रेसरनं दाबून लोखंडी सिलिंडरांत भरायचा आणि वेल्डिंगवाल्यांकडं नाहीतर दवाखान्यात धाडायचा. त्या खोलीत मात्र तेलाचा थेंब चालत नव्हता. देवमन त्या खोलीवरचा माणूस.

कारखान्याचे केमिस्ट परचुरे साहेब. सांगलीकडचे, राहायला जठारपेठेत. माणूस कमी बोलणारा, पण पहिल्याच दिवशी त्यांनी देवमनला खोलीच्या दारात उभं करून सांगितलं होतं, "हे बघ, दाबलेल्या ऑक्सिजनला काडी लागत नाही की ठिणगी लागत नाही. त्याला तेल भेटलं की पुरे, आपोआप भडका होतो. बाहेरगावी एका फिटरनं मीटर सहज फिरावं म्हणून त्याच्या आट्यांना बोटभर तेल लावलं. मीटरही गेलं आणि बोटंही गेली."

झालं. देवमननं ते शब्द असे काळजावर घेतले की विचारू नका. डोक्याचं तेल बंद. रिठ्यानं केस धुवायचे. डब्यात भाकरी आणि कोरडी चटणी, वरण असलं तर बिनफोडणीचं. कामावर निघताना हात धुण्याच्या सोड्यानं असे घासायचे, जसं काही पातेलंच घासतो आहे. आपल्याकडं माणूस डोक्याला तेल लावत नाही तो घरात कुणी गेलं तरच. त्यामुळं वस्तीत नवा कुणी भेटला की हमखास तोंड पाडून विचारायचा, "देवमन, कोन गेलं रे बाप्पा?" घरात बसलेल्या पंचफुलेला हे ऐकून कसं वाटत असेल? तिचं तर डोकंच फिरायचं.

"नवऱ्याचं डोकं म्हंजे उन्हाळ्यातला कडबा!" ती ओरडायची. "साऱ्या गावाले तूप खाऊ घालता, अन् माह्या घरातली भाजी पान्यात शिजवू काय मी?"

देवमन चिडायचा नाही, हीच तर मोठी पंचाईत. तो गालातल्या गालात हसायचा आणि ताटातली भाकरी पुढं ओढून तिच्यावर बोट ठेवायचा. "हे पाय, हा मीटर. हा काटा. काटा इथं आला की ठीक. इथं आला की डोळ्यात तेल घालून..." आणि मग आपणच थबकायचा आणि हसायचा. भाकरी निवून जायची तरी याचा काटा चढतच असायचा. बाईला जेवण वाढून बसावं लागायचं आणि कॉम्प्रेसरची पुराणं ऐकावी लागायची. बाहेरचं बटण कोणतं, आतलं चाक कोणतं, वायू छतावर सोडायचा तर कसा सोडायचा, सगळं तिला पाठ झालं होतं. ती त्या खोलीत कधी गेली नव्हती. बायांना तिकडं मज्जावच होता.

खोलीला एक शेजारी होता, बॉयलरवरचा सूर्यभान. हा कुणब्याचा, गावाकडं चांगली काळी जमीन, अंगानं दांडगा आणि मनानं लोणी. मारुतीचा भारी भक्त. बॉयलरच्या दारावर त्यानं शेंदराचं त्रिशूळ काढलेलं होतं. देवमनशी त्याची तंबाखूची दोस्ती. एकदा देवमन तापानं फणफणला तेव्हा यानंच त्याला सायकलवर बसवून घरी आणून सोडलं होतं. पण सूर्यभानच्या मनाला एक घोर लागलेला होता. देवमन आणि पंचफुला छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध झाले, आणि तेव्हापासून देवमननं खंडेनवमीची मशीनपूजा सोडली. आधी दाराला झेंडूचं तोरण तरी बांधायचा, आता तेही नाही. कारखान्यातल्या साऱ्या मशिनी हळदीकुंकवानं, फुलांनी नटलेल्या, आणि देवमनची तेवढी रिकामी. तोंडाळ लोक बोलत, "हे मशीन एक दिवस इंगा दाखवीन बरं!" सूर्यभानला ते ऐकून झोप यायची नाही. देवमनचं काही वाईट झालं तर?

अठ्ठावन्न सालच्या दसऱ्याला नवराबायको नागपूरला निघाले. जायच्या आधी देवमननं खोली धुतली, सिलिंडर जोडायच्या नळ्यांची तोंडं पांढऱ्या फडक्यानं आतून बाहेरून पुसली आणि त्यांना टोपणं लावली. किल्ली दिली सूर्यभानजवळ.

"कोनाले आत जाऊ देऊ नोको बरं."

"तू बिनघोर जाय," सूर्यभान म्हणाला.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं परत आले. येताना गाडीत चांदूर रेल्वे स्टेशनापर्यंत उभंच राहावं लागलं होतं, पंचफुलेचे पाय भरून आले होते. पण देवमनला कुठला दम! दवाखान्याचे सिलिंडर रिकामे झाले असतील, असं म्हणत त्यानं अंग धुतलं, हात घासले आणि चालता झाला. पंचफुलेला राग आला. सणाचा दुसरा दिवस, नागपूरचं एवढं मोठं दर्शन घेऊन आलो, घटकाभर बसला असता तर काय कारखाना पळून जाणार होता? तिनं रागारागानं न्हाणं केलं आणि तेलाची वाटी घेऊन बसली. स्वतःच्या वाटचं लावलं. मग त्याच्याही वाटचं लावलं. वाया काहून घालू, म्हणाली. कपाळावरून तेल ओघळायला लागलं तेव्हा कुठं तिचं समाधान झालं. मग भाकरी थापली, कोरडी चटणी बांधली आणि दुपारच्या आत कारखान्याच्या फाटकाशी हजर झाली. पहारेकरी ओळखीचा. तो निंबाखाली बसू द्यायचा.

ती बसली न बसली तोच सूर्यभान बॉयलरवरून बाहेर आला. चेहरा कसा, तर मुलीचं लग्न पार पाडून आलेल्या बापासारखा.

"वयनी, नागपूरले लय गर्दी होती म्हन्ते?"

"गर्दी? पाय ठेवाले जागा नोती, भाऊजी. पन मन भरून आलं."

"चांगलं झालं, चांगलं झालं. अन् आता तुमी काही फिकीर करू नोका." त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "देवमनच्या मशीनीचं म्या करून टाकलं."

"काय करून टाकलं?"

"पूजा! थो मानत नाही, ठीक हाय, त्याचा धरम त्याच्यापाशी. पन मशीनीनं कोनाचा धरम धरला हाय? किल्ली माह्याजवळच होती. बाहेरून काही लावलं नाही, त्याले दिसलं तर भडकन म्हून. टोपनं काढली अन् नळ्यांच्या तोंडात बोटानं शेंदूर फिरवला. देवाच्या तोंडाले लावल्याबिगर पूजा पुरी होते काय? मंग पुन्हा टोपनं लावून टाकली. कोनाले पत्ता नाही."

निंबापलीकडच्या खोलीत कॉम्प्रेसर सुरू झाला. धडधड धडधड, ओळखीचा आवाज. पंचफुला हसायच्या बेतात होती, कारण माणूस मनानं किती चांगला हे तिला दिसत होतं. पण तिच्या डोक्यात काहीतरी खटकलं. घरात रोज मारुतीला शेंदूर लागत नसला तरी बाईमाणसाला तो कसा कालवतात हे ठाऊक असतं.

"भाऊजी, शेंदूर कशात कालवला?"

"कशात म्हंजे? तिळाच्या ते..."

शब्द तोंडातच अडकला. पण तो पुन्हा बोलला, हट्टानं, स्वतःलाच समजावल्यासारखा, "पन थो शेंदूर हाय ना, वयनी? शेंदूर म्हंजे तेल थोडंच हाय?"

तुम्ही हसाल. हसू नका. देवमन तेलाला भितो हे सूर्यभानला माहीत नव्हतं असं नाही. त्याच्या कोरड्या डोक्याची त्यानं कैक वेळा चेष्टा केलेली. पण तेल म्हणजे वाटीतलं, टाकीतलं, कुपीतलं. शेंदूर म्हणजे मारुतीराय. मारुतीला शेंदूर फासताना, आपण देवाला तेल फासतो आहोत, असं तुमच्याआमच्यापैकी कुणाच्या कधी मनात आलं? मग त्या बापड्याच्याच का यावं?

पंचफुलेनं भाकरीचं गाठोडं टाकलं आणि ती पळाली. लुगड्याचा काष्टा घट्ट होता म्हणून बरं, नाहीतर तोंडावर पडली असती. मागं सूर्यभान. त्याचे पाय लांब, तो तिच्याही पुढं गेला आणि खोलीच्या उघड्या दारातून आत घुसणार तेवढ्यात तिनं मागून त्याचा सदरा धरून असा हिसका दिला की टर्रकन फाटला.

"आत नोका जाऊ! अंगभर तेल हाय तुमच्या!"

आणि ती स्वतःही उंबरठ्याशी थांबली. कारण तिच्या डोक्यावरून दोन माणसांचं तेल निथळत होतं, हातही तसेच. आत देवमन पाठमोरा उभा. सिलिंडर जोडलेले. डोळे काट्यावर, हात चाकावर. चाक फिरवलं की दाबलेला वायू त्या नळ्यांत जाणार, आणि नळ्यांच्या तोंडात शेंदूर.

"अवो! अवो, थांबा!" तिनं जीव खाऊन हाक मारली. त्या धडधडीत कुठं ऐकू जातं! सूर्यभाननंही बोंब मारली. देवमनची मान हलली नाही.

तेव्हा तिला कॉम्प्रेसर बंद करायचं बाहेरचं बटण आठवलं. परचुरे साहेबांनी ते मुद्दाम बाहेरच्या भिंतीवर बसवून घेतलं होतं. आत काही झालं तर वाचवणाऱ्याला आत जायची पाळी येऊ नये म्हणून. किती भाकऱ्या निवल्या होत्या त्या बटणापायी! बटण म्हणजे दाराच्या उजव्या अंगाला लाल रंगाचा लोखंडी दांडा. तिनं दोन्ही हातांनी धरून खाली ओढला. तेलानं हात घसरला. पुन्हा धरला, लुगड्याचा पदर गुंडाळून धरला आणि अंगाचा सारा भार टाकून ओढला.

कॉम्प्रेसर धापा टाकत थांबला. एकदम इतकं शांत झालं की निंबावरचे कावळे ऐकू यायला लागले. देवमन गरकन वळला. रागानं डोळे लाल, "कोन हाय रे थो?" आणि पाहतो तर दारात बायको. तिला धाप लागलेली, तोंडातून शब्द फुटेना. तिनं नुसता हात आपल्या निथळत्या डोक्यावर ठेवला आणि मग त्याच हाताचं बोट नळ्यांकडं दाखवलं.

बस. एवढं पुरलं. देवमनचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. त्यानं चाकावरचा हात उकळत्या भांड्यावरून काढावा तसा काढला. मग घाई न करता, एकेक करून, जिथं जे बंद करायचं ते केलं आणि दाबलेला वायू छताच्या नळीनं बाहेर सोडून दिला. सूं सूं करत तो आभाळात गेला. काटा खाली आला. मग त्यानं एक नळी सोडली, पांढऱ्या फडक्याचा कोपरा आत घालून फिरवला आणि बाहेर येऊन उजेडात धरला.

फडकं भडक शेंदरी.

देवमननं ते तिच्यापुढं धरलं. "म्याच पुसून गेलो होतो," तो म्हणाला. "म्हून आज आत पाह्यलं नाही. चाक फिरवतच होतो मी."

आता पंचफुलेला वाचा फुटली. आणि काय फुटली! सूर्यभानच्या सात पिढ्या तिनं निंबाखाली उभ्या केल्या. देवाचं नाव घेऊन माणूस मारता काय, असं विचारलं. डोक्यात मेंदू हाय का बॉयलरची राख, असं विचारलं. तो दांडगा माणूस फाटक्या सदऱ्यानिशी मान खाली घालून उभा राहिला आणि लहान लेकरासारखा रडायला लागला. "वयनी, मले वाटलं त्याचं भलं होईन," एवढंच म्हणत राहिला. ते ऐकून तिचीच जीभ अडखळली. खरंच तर बोलत होता तो.

गलका ऐकून परचुरे साहेब धावत आले. त्यांनी फडकं पाहिलं, सारं ऐकून घेतलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले. सूर्यभाननं हात जोडले.

"साहेब, मले कामावरून काढून टाका. पन पोलिसात नोका देऊ."

"काढायचं तर आधी मला काढावं लागेल," साहेब म्हणाले. "तेल नको हे मी एका देवमनला सांगितलं आणि सुटलो. तेल म्हणजे काय काय, हे बाकी कारखान्याला सांगायचं मला सुचलंच नाही. उद्या प्रत्येक पाळीला मी स्वतः सांगणार. आणि देवमन, किल्ली यापुढं माझ्याकडं." मग त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि एकदम हसू फुटल्यासारखे हसले. "बाई, तुम्ही बटण बरोबर ओढलंत हो! माझ्या अर्ध्या लोकांना ते कशासाठी आहे हे माहीत नाही."

नळ्या सोडल्या. गरम पाण्यात सोडा घालून धुतल्या, साहेबांनी आणलेल्या तेल कापणाऱ्या औषधानं पुन्हा धुतल्या, वाळवल्या. सिलिंडरांची तोंडंही तशीच. फडकं घालून पाहायचं, जरा केशरी दिसलं की पुन्हा पहिल्यापासून. ऊन कलंडलं तरी काम चालूच. पंचफुलेला देवमन दोनदा म्हणाला की घरी जाय. ती जागची हलली नाही. ते मशीन माह्यासमोर चालू होईन, मंगच जाईन, म्हणाली. भाकरीचं गाठोडं मुंग्यांनी धरलं, तिला भुकेचीही शुद्ध नव्हती.

सूर्यभान तिच्यापासून थोडा दूर निंबाला टेकून बसला होता. रडून घसा कोरडा पडलेला. तिच्याजवळ पाण्याचा तांब्या होता, तो त्यानं ओढला आणि घटाघटा पाणी प्याला. इतक्या वर्षांची दोस्ती, पण देवमनच्या घरचं पाणी त्यानं आजवर घेतलं नव्हतं. तंबाखू चालायची, पाणी नाही. दोघांनीही तो विषय कधी काढला नव्हता. आज त्याच्या ध्यानातही आलं नाही. पंचफुलेच्या आलं.

शेवटी एकदाचं फडकं पांढरंशुभ्र निघालं. देवमननं ते साहेबांना दाखवलं. साहेबांनी मान हलवली. मग देवमन एकटाच आत गेला, आणि कॉम्प्रेसर धडधडायला लागला.

पंचफुलेनं डोळे घट्ट मिटले. तिला आता सारं दिसत होतं. काटा चढतो आहे. आता तो चाकाला हात घालील. आता फिरवील. धडधड चालूच होती. तिनं श्वास धरून ठेवला तो छातीत दुखेपर्यंत. शेजारी सूर्यभान पुटपुटत होता, मारुतीचं नाव घेत होता की देवमनचं, कोण जाणे. "गप बसा ना, भाऊजी," ती डोळे न उघडता म्हणाली. तो गप झाला. धडधड तशीच, एका लयीत, काही म्हणता काही झालं नाही.

कॉम्प्रेसर थांबला. पायांचा आवाज आला. डोळे उघडले तर समोर देवमन, धडधाकट, दोन्ही हात जागच्या जागी.

"भरले," तो म्हणाला. "दवाखान्याची गाडी आली तरी चालते आता."

आणि दिवसभर न रडलेली पंचफुला तिथंच भोकाड पसरून रडली. पाळी सुटायची वेळ, माणसं फाटकाकडं निघालेली, ती सगळी थांबून पाहायला लागली. तिला कुणाची लाज वाटली नाही. वाचलास रे बाबा, वाचलास, असं ती नवऱ्याला अरेतुरे करून म्हणत होती, आणि देवमन बिचारा इकडंतिकडं पाहत, "अवो, लोकं पाहून राहिले ना," म्हणत होता. मग रडता रडता तिला हसू आलं. छातीवरची धोंड उतरली की माणसाला काहीही सुचतं. ती पदरानं नाक पुसत सूर्यभानकडं वळली.

"ऐका, भाऊजी. पुढच्या वर्सी तुमाले पूजा करायचीच असंन ना, तर त्या मशीनीची नोका करू. माही करा!"

माणसं खो खो हसली. परचुरे साहेबही हसले. देवमन म्हणाला, "काहीबी काय बोलतं? आपन पूजा मानतो काय?"

"मी नाही मानत," ती म्हणाली. "भाऊजी तर मानते ना?"

सूर्यभान हसला नव्हता. तो उठला, फाटका सदरा नीट केला, आणि साऱ्या पाळीदेखत, ज्यांच्या घरच्या बाया तिला दुरून भाकर वाढत आल्या होत्या त्या साऱ्यांदेखत, वाकून त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. हसणं जागच्या जागी थांबलं. पंचफुला घाबरून मागं सरकली, निंबाच्या खोडाला पाठ लागली तरी सरकतच होती.

"उठा, भाऊजी," ती कशीबशी म्हणाली. "उठा ना वो. घरी वाट पाहत असतीन तुमची."